दुसऱ्या आयची आठ पानं

दांडवाडी, ता. पोलादपूर
१२ जानेवारी २०२५

गांधारी ग्रंथ भांडार, महाड, ह्या दुकानाच्या मालकास गोदूबाईचा नमस्कार.

मी सासष्ट वर्षांची हाय आणि हे माझ्या हातचं तिसरं पत्र. पहिलं साक्षरतेच्या वर्गात बाईंनी लिवून घेतलं. दुसरं नणंदेला घातलं, तिने उत्तर दिलं नाय. तुम्ही द्याल, कारण तुमची वस्तू माझ्याकडे हाय.

एकवीस साली सावित्रीचा पूर आला, तळीयेवर डोंगर आला, त्याच आठवड्यातली गोष्ट. आमचा किरण महाडच्या वसाहतीत औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीत हाय. तो आणि त्याचे सोबती बाजारात चिखल उपसायला गेले होते. रस्त्यात भिजलेल्या कागदांचा ढीग होता नि डंपर भरत होता. किरणने एक गोणपाट भरलान नि पाठीवर टाकून घरी आणलान. म्हणाला, आये, अक्षर हाय, कचऱ्यात कसं जाऊ द्यायचं? मी म्हटलं, बरं केलंस, आता सुकवणार कोण? सुकवलं मीच.

कुणाचं ते ठाऊक नव्हतं. मला वाचता येत नव्हतं. गेल्या साली बाळबोध शिकले. मंग एका पानावर निळा शिक्का दिसला, तो मी बोट ठेवून ठेवून वाचला. तुमच्या दुकानाचं नाव निघालं. बाकी सगळं हातचं, वळणावळणाचं लिवलेलं हाय, ते काय मला लागत नाय.

फोन करू नका. आमच्याकडे रेंज आंब्याच्या झाडावर चढलं तर येते नि मी आता चढत नाय.

गोदूबाई गोमाजी (गोमाजी हे सासऱ्यांचं नाव, वाडीत मला तसंच ओळखतात)

---

महाड
२१ जानेवारी २०२५

गोदूबाईंना नूतन मेहेंदळे हिचा कृतज्ञ नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी गल्ल्यावरून अशी ओरडले की दहावीची गाईडं घ्यायला आलेली दोन पोरं पैसे न देताच पळाली. मालकास लिहिलंत, मालक मीच. माझ्या आजोबांनी १९२५च्या अक्षय्य तृतीयेला हे दुकान काढलं, मग अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी चालवलं, आणि अण्णा गेल्यापासून अकरा वर्षं मी. खाली नवी पुस्तकं, वर माळ्यावर जुनी आणि दुर्मिळ. दुर्मिळ पुस्तकाची चौकशी पत्रानेच करायची हा आजोबांचा नियम. ज्याला पत्र लिहायचा कंटाळा, त्याला ते पुस्तक वाचायचाही कंटाळा, असं ते म्हणत. तुम्ही नियम न सांगता पाळलात!

पाणी माळ्यावर चढत नाही ही आमच्या घरातली शंभर वर्षांची खात्री होती. एकवीस साली चढलं. मी शेजारच्या गच्चीवर उभी राहून माझीच पुस्तकं रस्त्यात पडलेली पाहिली. सगळं गेलं असं धरून बसले होते.

आता एकच सांगा. पहिल्या पानावर बैलाचं चित्र आहे का? आणि त्याला पाच पाय आहेत का?

असतील, तर ते आमच्या दुकानातलं सगळ्यात मोलाचं पुस्तक आहे. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी मोडी लिपीत हाताने लिहिलेलं, गुरांच्या औषधांचं बाड. पुण्याची एक संशोधन संस्था चाळीस वर्षं त्याच्या मागे आहे. ह्या अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिलला, दुकानाला शंभर वर्षं पुरी होतात. त्या दिवशी संस्थेच्या बाई यायच्या आहेत. काय दाखवू, ह्या विचाराने माझी झोप गेली होती.

पोस्टाने पाठवू नका. उन्हात ठेवू नका. दोऱ्याने बांधू नका. चुलीजवळ तर अजिबात नेऊ नका.

आपली,
नूतन मेहेंदळे

---

दांडवाडी
२ फेब्रुवारी २०२५

नूतनबाईंना नमस्कार.

पाय पाचच हायत. मी म्हणत होते, की चितारी चुकला तर पुसलान का नाय. चुकलेला पाय तसाच ठेवून शेजारी नीट काढलान.

चुलीजवळ नेऊ नका म्हणता. बाई, चार वर्षांनी सांगता होय? सगळं चुलीवरच सुकवलंय. चुलीच्या वर आमचा बांबूचा माचा टांगलेला असतो, बियाणं नि सुकट ठेवायला. श्रावणात बाहेर काय सुकत नाय. एकेक पान सुटं केलं, माच्यावर पसरलं, खाली ओल्या लाकडाचा धूर. पाच महिने चाललं होतं. किरणची बायको म्हणाली, आत्याबाई, जेवण करू की कागद भाजू? पण बघा, कसर नाय लागली, बुरशी नाय आली, एक पान फाटलं नाय. वास येईल थोडा सुकटीचा.

खालचे कोपरे चिखलाने खाल्लेले, तिथे आकडे असतील तर गेले. मंग लावायची कशी? मी शेळ्या लावते तशी लावली. पन्नास करडं एकत्र झाली तरी कोण कुणाचं ते मला डोळे मिटून कळतं. कागदाचंपण तसंच. बोटाला लागतो, नाकाला लागतो. शहाण्णव पानं हायत, त्यातली अठ्ठ्याऐंशी एका आयची. धूर खाऊन मधासारखी पिवळी झालीत.

आठ दुसऱ्या आयची हायत. त्यांनी धूर धरला नाय, राखाडी पडली, हाताला गुळगुळीत लागतात. कुणीतरी दुसऱ्याची पोरं ह्या शेळीखाली पाजायला लावलीत. मी ती वेगळी बांधून ठेवलीत.

पुस्तक मी कुणाच्या हातात देणार नाय, स्वतः घेऊन येते.

गोदूबाई

---

महाड
१० फेब्रुवारी २०२५

गोदूबाई, नमस्कार.

चुलीवर! वाचून मी दहा मिनिटं डोकं धरून बसले, मग हसत सुटले. पुण्याच्या बाईंना हे कसं सांगायचं, त्याचा विचार चाललाय.

पण आठ पानांचं तेवढं सोडा. रागावू नका, शेळ्यांतलं तुम्हाला कळतं, कागदातलं आम्हाला. अण्णांनी हे बाड १९७८ साली आणलं आणि ७९ साली स्वतःच्या हाताने नोंद केली: ‘पाने ९६. एकहाती. पूर्ण.’ एकहाती म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच माणसाने लिहिलेलं. खाली आमचा शिक्का. तो शिक्का आहे म्हटलं की पुण्या-मुंबईचे लोक पुस्तक उघडूनसुद्धा बघत नाहीत, सरळ पिशवीत घालतात. अण्णांनी आयुष्यात एकदाही चुकीचा शिक्का मारलेला नाही. ह्या बाडाला तीन गिऱ्हाइकं आली, तिघांनाही ते नाही म्हणाले, इतकं त्यांना ते प्रिय होतं.

पुराच्या पाण्याने आठ पानं वेगळी दिसत असतील, एवढंच.

या. २० तारखेला गुरुवार आहे, गर्दी नसते. स्टँडवरून चालत दहा मिनिटं, कुणालाही विचारा.

नूतन

---

दांडवाडी
२४ फेब्रुवारी २०२५

नूतनबाय,

घरी सुखरूप पोचले. शेवटची यष्टी मिळाली, किरण खालच्या गावात गाडी घेऊन उभा होता.

तुमचं दुकान पाहिलं नि मला कसं सांगू काय झालं. मी आयुष्यभर महाडला येत्ये. मीठ, कापड, पेंडीची गोण, सगळं त्याच रस्त्याने नेलं. त्या दारावरून शंभर वेळा गेले असेन, पण आत पाय टाकायचं कधी सुचलं नाय. आपलं तिथे काय? ह्या खेपेला पायरीवर चपला काढल्या तर तुम्ही म्हणालात, घाला हो, देऊळ नाही. मी नाय घातल्या.

भिंतीवर पुराची रेघ पार माळ्याच्याही वर. तिच्याखाली सगळी नवी पुस्तकं, कोऱ्या कापडासारखा वास. मी एका पुस्तकाचं नाव मोठ्याने वाचलं नि अख्खं दुकान माझ्याकडे बघायला लागलं. लाज नाय वाटली. दुसरं वाचलं, आणखी मोठ्याने.

तुम्ही ते शेळीपालनाचं पुस्तक दिलंत, ते अर्धं वाचलं. लिवणाऱ्याने शेळी लांबून पाहिलेली हाय. पण चित्रं चांगली हायत.

आता मनातलं. माळ्यावर आपण पानं मांडली. तुम्ही पहिली पानं घेतलीत नि आनंदाने कपाळाला लावलीत, ते मला दिसलं. मंग मी बांधलेली आठ सोडलीत. एक खिडकीशी नेऊन उजेडात धरलंत. “ठीक आहे” म्हणालात नि पानं परत बांधलीत. चहा तसाच गार झाला. माझं काय चुकलं असेल तर सांगा. सुकटीचा वास फार येत होता का?

गोदूबाई

---

महाड
३ मार्च २०२५

गोदूबाईंना नमस्कार.

तुमचं काहीच चुकलेलं नाही. पानं उत्तम सुकवली आहेत. पोच सोबत जोडते आहे. दुकान तुमचं ऋणी आहे.

शंभरीच्या कामात आहे, म्हणून थोडक्यात.

नूतन मेहेंदळे

---

दांडवाडी
१५ मार्च २०२५

नूतनबाय,

एवढंसं पत्र? आधीच्या पत्रांत तुम्ही मला पान पान भरून दटावलंत ते बरं होतं.

माझी एक शेळी हाय, काळी. तिला काय दुखलं की ती ओरडत नाय, कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करते. तिच्याकडे मी आधी जाते. तुमचं पत्र वाचून मला तीच आठवली. वाईट वाटून घेऊ नका, शेळी गुणाची हाय.

त्या आठ पानांत काय हाय ते सांगा. मी पाच महिने ती डोळ्यांत धूर घेऊन सुकवलीत, मला विचारायचा हक्क हाय. मोडी मला येत नाय, तुम्हाला येतं. वाचा नि बाळबोधात लिवून पाठवा. आणि खिडकीपाशी काय दिसलं तेपण सांगा. मी काय वाडीभर सांगत फिरणार नाय, इथे ऐकायला शेळ्याच हायत.

गोदूबाई

---

महाड
२४ मार्च २०२५

गोदूबाय,

तुम्ही जिंकलात. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या शेळीचा नमस्कार.

ती आठ पानं अण्णांच्या हातची आहेत.

मला मोडी त्यांनी शिकवलं. मी सात वर्षांची होते, मांडीवर पाटी, त्यांच्या हाताखाली माझा हात. ओळ संपली की ते बोरू उचलताना एक बारीकशी शेपटी ओढायचे. ते वळण मी झोपेतही ओळखेन. बाकीचं अक्षर त्यांनी इतकं हुबेहूब उतरवलंय की कुणाला संशय येणार नाही. कुठल्यातरी जुन्या वहीची कोरी पानं घेतली, शाई घरी उकळली, आणि मूळ बाडात जी आठ पानं नव्हती ती स्वतः लिहून घातली. वर शिक्का मारला: एकहाती, पूर्ण. तुमच्या बोटांना कळलं ते चाळीस वर्षं त्या बाडाशेजारी बसून मला कळलं नाही, कारण शिक्क्यावर भरवसा ठेवून आतली पानं मीही कधी नीट वाचली नव्हती.

आता कळतंय, तिन्ही गिऱ्हाइकांना नाही का म्हणाले. खोटा शिक्का मारता आला, पण विकता आलं नाही.

पुण्याच्या बाईंचं पत्र आलंय. बाड पूर्ण आहे ह्यावर माझी सही आणि शिक्का हवा. मग ते छापणार, दुकानाचं नाव घालून. मी गप्प राहिले तर कुणालाही कळणार नाही. माझा भाऊ सुनील मुंबईला असतो, त्याला फोन केला. तो म्हणाला, “ताई, महाराष्ट्रात मोडी वाचणारी माणसं मोजकी, त्यातल्या निम्म्यांना दिसत नाही. मार शिक्का. शंभरीच्या दिवशी बापाचं नाव बुडवणार आहेस का?” आणि खरं सांगू? मलाही तेच वाटतंय. अण्णांचं नाव म्हणजेच हे दुकान. ते गेलं तर मी फक्त गाईडं विकणारी बाई उरते.

सगळ्यात वाईट काय, तर ती औषधं त्यांनी मनानेच रचली असावीत. कुणा भोळ्याने वाचून जनावराला पाजलं तर? तुम्ही मागितलंत म्हणून आठही उतरवून देते आहे, दुसऱ्या कागदावर. पोटफुगीला ओवा, हिंग, काळं मीठ ताकातून. हगवणीला कुड्याची साल. व्यायल्यावर जार अडकली तर अमुक, खूर सडला तर तमुक. तुम्ही वाचून हसाल, त्या शेळीपालनाच्या पुस्तकाला हसलात तसं.

तुमची,
नूतन

---

दांडवाडी
५ एप्रिल २०२५

नूतन,

आता तुला अगं-तुगं करत्ये. तू रागावलीस तरी करणार.

हसले नाय. वाचता वाचता रडले, चष्मा काढून पुसला, परत वाचलं. ही औषधं तुझ्या अण्णांनी रचलेली नायत गो. ही माझ्या सासऱ्यांची हायत. गोमाजींची. शब्दसुद्धा त्यांचेच. “जनावराचा डोळा बघून मात्रा दे, हाताने मोजू नको,” असं दोन ठिकाणी लिवलंय ना? हे मामंजी रोज म्हणायचे.

आता मला सगळं आठवलं. माझं लगीन होऊन दोन वर्षं झाली होती, पहिला मुलगा पोटात होता. एक गोरा, चष्मेवाला माणूस खालून चालत आला. तेव्हा रस्ता कसला, पायवाट. आम्ही त्याला मास्तर म्हणायचो, कारण हातात वही. तीन दिवस ओसरीवर बसून होता. मामंजी शेळ्या चारायला निघाले की हा त्यांच्या मागे डोंगरभर, ते सांगतील ते लिवत. पायांना फोड आले तर मीच तेल दिलं. जाताना माझ्या सासूच्या पाया पडला. मामंजींनी त्याला नाव विचारलं नाय, आणि त्याने मामंजींचं कुठे लिवलं नाय.

म्हंजे तुझ्या अण्णांनी खोटं रचलं नाय. जे हरवलं ते शोधायला चालत आमच्या डोंगरावर आले. खोटं काय केलं, तर कुणाचं ते सांगितलं नाय. तेवढं केलं खरं. ते मी माफ करणार नाय, कारण मामंजींचं नाव चारचौघांत यायला पाहिजे होतं.

पण थांब. मामंजीपण काय साधे नव्हते. आमच्यात रीत हाय, औषध बाहेरच्याला सांगायचं तर एक वस्तू काढून ठेवून सांगायचं. सगळं सांगितलं की गुण जातो म्हणतात. ती राहिलेली वस्तू मरायच्या आधी घरातल्या एकालाच सांगायची. मी तुझी आठही पानं ताडून बघितली. प्रत्येकात एकेक वस्तू नाय! म्हाताऱ्याने मास्तरला आठ वेळा फसवलान नि तो मास्तर वहीला नमस्कार करून गेला. मला हसू आवरेना. किरणची बायको म्हणाली, आत्याबाई, मघाशी रडत होतात.

तेव्हा तुझं बाड अजून पूर्ण नायच. पूर्ण म्हणून शिक्का मारलास तर तुझ्या अण्णांसारखाच खोटा मारशील, नि तुला ठाऊक असून मारशील. मारू नको.

गोदूबाई

---

महाड
१४ एप्रिल २०२५

गोदूबाय,

तुमचं पत्र मी दुकान उघडं टाकून माळ्यावर बसून वाचलं. खाली गिऱ्हाईक हाका मारत होतं, मारू दे म्हटलं.

माझे अण्णा, ज्यांना पोस्टात जायलाही रिक्षा लागायची, ते तुमच्या डोंगरावर तीन दिवस शेळ्यांमागे धावले! मी लहान होते, ते कुठेतरी गेले होते आणि पाय सुजवून आले होते, एवढंच आठवतं. आई विचारत होती, हे हसत होते.

मी ठरवलंय. ३० तारखेला बाडाशेजारी नवी नोंद ठेवणार. अठ्ठ्याऐंशी पानं जुनी, कर्ता अज्ञात. आठ पानं माझ्या वडिलांच्या हातची, दांडवाडीच्या गोमाजींनी सांगितलेली, इतकी वर्षं ही गोष्ट दुकानाने लपवली. शेवटी लिहिणार, अपूर्ण. अण्णांची जुनी नोंदही शेजारीच ठेवणार, झाकणार नाही. सुनीलला कळवलं. त्याने फोन ठेवून दिला, तीन दिवस झाले.

एक स्पष्ट लिहिते. ती राहिलेली वस्तू मला सांगू नका. तुमच्या सासऱ्यांनी ती अण्णांपासून राखली, तर मी कोण मागणारी? अपूर्ण लिहायला आता मला लाज वाटत नाही. खरंच सांगते, मोकळं वाटतंय.

त्या दिवशी तुम्ही यायचंच. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवते, आणि चपला घालून यायचं.

तुमची,
नूतन

---

दांडवाडी
२६ एप्रिल २०२५

नूतन बाय,

म्हैस आजउद्या विणार, मी नाय येत. हे पाकीट किरण दुसऱ्या पाळीला जाताना तुझ्या हातात देईल. दुसऱ्या कुणाच्या नाय.

तू मागितलं नायस, म्हणून देत्ये. मागितलं असतंस तर दिलं नसतं.

मी आठ रात्री विचार केला. मामंजींनी जाताना मला आठही वस्तू सांगितल्या, मुलाला नाय, मला, सुनेला. आता मी कुणाला सांगू? किरण गोळ्यांच्या कंपनीत डबे भरतो. नात मुंबईला, ती शेळीला बघून पाय वर घेते. माझ्यानंतर माचा राहील, चूल राहील की नाय ठाऊक नाय. गुण जातो म्हणतात. गुण जायचा तर मी मेल्यावरपण जाणारच. आणि मला वाटतं, गुण वस्तूत असतो, लपवण्यात नसतो. हे मी म्हणत्ये, मामंजी असते तर काठी घेऊन उठले असते.

पोटफुगीत गोडं तेल राहिलंय, पावशेर, कोमट. बाकी सात सोबतच्या पानावर हायत. कागद किरणच्या कंपनीतला नाय, वर्गात बाईंनी दिलेला चांगला जाड हाय. आठ दिवस चुलीवर धरलाय, म्हंजे पिवळा झालाय नि कसर लागणार नाय. अक्षर वाकडं हाय. तीन वेळा लिवून काढलं. खाली नाव घातलंय माझं, पुरं. कुणी विचारलं तर सांग, हीच ती.

गोदूबाई

---

महाड
२ मे २०२५

गोदूबाय,

आधी म्हशीचं कळवा. रेडी की रेडा?

आता इकडचं. माणसं शंभरावर आली. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं, पुरापासून माच्यापर्यंत, अण्णांच्या शेपटीपासून तुमच्या मामंजींपर्यंत. दोन जुनी गिऱ्हाइकं मधेच उठून गेली. त्यातले एक माझ्या लग्नात अण्णांच्या शेजारी उभे होते, जाताना माझ्याकडे बघितलंही नाही. लागलं मला. अजून लागतंय.

पुण्याच्या बाई चष्मा लावून बाडाशी बसल्या, अठ्ठ्याऐंशी पानं भराभर उलटली, अण्णांची आठ सावकाश. मग तुमच्या पानाशी थांबल्या. बाळबोध अक्षर, वाकडं, मोठं, शाईचे दोन डाग. त्यांनी ते नाकाशी नेलं आणि मला विचारलं, “ह्याला सुकटीचा वास का येतो?” सगळं दुकान हसलं, मी जास्त. मग त्या म्हणाल्या, अशी शेकड्याने बाडं पाहिली, पण औषध कुणी सांगितलं, कुणी लिहिलं आणि कुणी राखून ठेवलं, हे एकाही बाडात लिहिलेलं नव्हतं. ते छापणार आहेत. त्याआधी त्यांना दांडवाडीला यायचंय. चालत येतील म्हणतात, पायांना लावायला तेल काढून ठेवा.

सुनील आला होता. मागच्या रांगेत उभा होता, मला नंतर दिसला. खुर्च्या मात्र सगळ्या त्यानेच उचलल्या.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी माळ्यावर गेले. अण्णांची ७९ सालची नोंद काढली, माझी ‘अपूर्ण’वाली काढली, दोन्ही बाजूला ठेवल्या आणि बोरू घेऊन तिसरी लिहिली. मग त्यांचाच जुना शिक्का निळ्या शाईत बुडवला आणि जोरात दाबला. नक्कल तुम्हाला पाठवते आहे, माच्यावर ठेवा:

‘गुरांच्या औषधांचे बाड. पाने ९७. हात तीन: पहिला अज्ञात, दुसरा वामन मेहेंदळे यांचा, सांगणार गोमाजी, तिसरा गोदूबाई यांचा. पूर्ण.’

तुमची,
नूतन